तीन नंबरची ओ

आमच्या गारखेड्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि नेमक्या त्याच सकाळी लोकांची मशिनं बंद पडतात. सतरा वर्षांचा अनुभव आहे, अजून एकदाही चुकलेला नाही. त्या गुरुवारी मी टाकीत पाइप सोडून उभी होते आणि वरदचा फोन आला.

"अश्लेषा मॅडम, स्विचवर एक दिवा केशरी दिसतोय. शनिवारी ऑडिट आहे. प्लीज, आजच या ना."

वरद म्हणजे करमाडजवळच्या एका बियाण्यांच्या कंपनीचा मॅनेजर. वय तीस, बोलणं गोड, आणि हिरवा सोडून कुठल्याही रंगाच्या दिव्याला घाबरणारा. मी त्यांचं नेटवर्क सांभाळते. पाणी अर्धवट सोडून, महापालिकेपासून वरदच्या खानदानापर्यंत सगळ्यांना मनातल्या मनात आशीर्वाद देत मी स्कूटी काढली आणि जालना रोडला लागले.

गेटवर कडूबा होता. चाळिशीचा, काटक, निळा युनिफॉर्म, डोक्यावर टोपी. गेट तोच सांभाळतो, जनरेटर तोच बघतो, आणि मी आले की माझी शिडीही तोच धरतो. बापजाद्यांपासून मेंढरं राखणारं घर, आता पोराच्या अंगावर युनिफॉर्म आलेला. त्यामुळे रजिस्टरचं त्याला फार अप्रूप. माझं नाव, गाडीचा नंबर, वेळ, सगळं उजव्या हातानं, जीभ दाताखाली धरून, एकेक अक्षर सावकाश काढायचं.

"अरे बाबा, दर महिन्याला येते मी. माझं नाव बदलत नाही."

"नेम हाय मॅडम," तो म्हणाला आणि 'श्ले' काढण्यात गुंतला.

कंपनीच्या दोन इमारती आहेत. रस्त्याकडं ऑफिस आणि नाल्यापलीकडं टेकाडाच्या उतारावर बियाण्यांचं थंड गोदाम. दोन्हीकडं एकेक स्विच, म्हणजे कॉम्प्युटर, कॅमेरे, तापमानाची यंत्रं ज्या डब्यात येऊन मिळतात तो डबा. त्या दोन डब्यांमध्ये जमिनीखालून सहाशे दहा मीटर फायबर आहे. चार तारा. पैकी एक, दोन आणि चार हिरव्या होत्या. तीन नंबर केशरी.

"काय झालं वो त्येला?" ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, स्विचच्या खोलीत शिडी धरून कडूबानं विचारलं.

मला कुणी कामातलं विचारलं की मी थांबत नाही, खोड आहे. "हे बघ. चार तारांची मोळी बांधली की चौपट माल जातो. पण नुसती बांधून टाकली तर एखादी तार मधेच तुटली तरी डब्याला पत्ता नसतो, तो आपला तिच्यात माल ओततच राहतो. म्हणून हे दोन डबे सारखे एकमेकांशी बोलत असतात. प्रत्येक तारेवर, दर तीस सेकंदांनी. हा म्हणतो, मी अमुक, आणि तू मला तमुक दिसतोस. तो म्हणतो, बरोबर, मी तमुक, तू अमुक. दोघांचं जुळलं की तार मोळीत. तीन वेळा तिकडून काही आलं नाही की तार मोळीबाहेर. तिचं काम बाकीच्या वाटून घेतात, वर कुणाला कळतही नाही."

"म्हंजे हाळी," कडूबा म्हणाला.

"काय?"

"मेंढरं घिऊन दोघं दोन अंगांनी गेलो की मधी टेकाड. दिसत नाय. मंग यानं हाळी द्यायची, त्यानं ओ द्यायची. घटकाभरानं पुन्हा. तीन हाळ्यांला ओ नाय आली, तर मेंढरं तिथंच सोडायची आन शोधाया निघायचं. भांडन असलं तरी."

"आणि निघाल्यावर? हाळ्या देतच जायचं?"

"नाय. निघाला की गप चालायचं. कान देत."

मी हसले. म्हटलं, एवढ्यासाठी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, तुझ्याकडंच यायला हवं होतं. या बोलण्यात दोन स्वभाव असतात, तेही त्याला सांगितलं. एक डबा स्वतःहून बोलतो, दुसरा विचारलं तरच उत्तर देतो. असा एक बोलका, एक मुका चालतो. दोघंही मुके असले तर मोळी कधीच बांधली जात नाही. माझ्या लग्नाचं तेच झालं, पण ते असो.

मग मी लॅपटॉप जोडला आणि हसणं थांबलं.

तीन नंबर तुटलेली नव्हती. तिच्यावर उत्तर येत होतं. पण उत्तर देणारा गोदामातला डबा नव्हता. प्रत्येक डब्याला जन्माचा एक नंबर असतो. एक, दोन आणि चारवर गोदामाच्या डब्याचा नंबर येत होता, आणि तीनवर वेगळाच. कुठल्याच कंपनीच्या यादीत न सापडणारा. पलीकडं भलताच कुणी आहे म्हणून आमच्या स्विचनं ती तार मोळीबाहेर ठेवली होती आणि दिवा केशरी केला होता. स्विचचं काहीच चुकलं नव्हतं. मी नोंदी मागं मागं नेल्या. हे दीड वर्षापासून चालू होतं, ऑगस्टमधल्या एका दुपारपासून. बाकीच्या तिघी काम ओढत होत्या, वरद ऑडिट आल्याशिवाय या खोलीत फिरकत नाही आणि मी महिन्याच्या फेरीला कॅमेरेच बघून जाते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तो ऑगस्ट मला चांगला आठवत होता. नाल्याला पूर येऊन काठ खचला होता आणि केबल ओढली जाऊन तुटली होती. जोडणाऱ्या माणसानं तीन तारा जोडल्या आणि म्हणाला, मॅडम, उरलेल्या एकीचं टोक चिखलात गेलंय, तीन बास होतात. मीच 'बास' म्हटलं होतं. आळस केला, कबूल आहे.

म्हणजे तीन नंबर तेव्हापासून तुटलेलीच होती. तिथं अंधार हवा होता.

माझ्याकडं तार तपासायचं यंत्र आहे. ते तारेत उजेड सोडतं आणि ती कुठं संपते ते मीटरमध्ये सांगतं. तीन नंबर लावली. चारशे बारा. तीनदा मोजलं, तीनदा चारशे बारा. नाल्याच्या बरोबर मध्यावर तार संपत होती. यंत्र काढून तार पुन्हा स्विचला लावली, तर तीस सेकंदांत उत्तर हजर.

मी तावातावानं गोदामात गेले. तिथल्या स्विचवर तिसरी जागा रिकामी होती. तिच्यावर मीच दीड वर्षापूर्वी बसवलेलं रबरी टोपण होतं आणि टोपणावर धूळ होती.

परत येऊन मी ती उत्तरं नीट वाचली. पलीकडचा मुका होता. स्वतःहून कधीच बोलत नव्हता. आमचा डबा बोलला की तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचा, आणि त्यात आमचा नंबर अचूक असायचा. तू मला तू दिसतोस, एवढंच तो दीड वर्ष सांगत होता.  

"कवापासून म्हन्ले?" कडूबानं विचारलं.

मी तारीख सांगितली. वेळही सांगितली, दुपारी तीन चाळीस. त्यानं शिडी सोडली आणि भिंतीला टेकून खाली बसला.

त्यानं सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. त्याला एक भाऊ होता, अजिनाथ. वर्षानं मोठा, पण दोघं एका छापाचे. कडूबानं मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा मला वाटलं याचाच आहे, फक्त घोंगडी पांघरलेला आणि काठी डाव्या हातात. "डावखुरा हाय त्यो," कडूबा म्हणाला. 'होता' म्हणाला नाही. अजिनाथ मेंढरंच राखायचा. रोज दुपारी नाल्यापलीकडून हाळी द्यायचा, कडूबा गेटवरून ओ द्यायचा. मग कडूबाला पक्की नोकरी आणि युनिफॉर्म मिळाला.

"ऑफिसातले हसायचे. म्हनायचे, कडूबा, तुझा वायरलेस आला बघ. मला लाज वाटली मॅडम. मी त्येला म्हन्लो, हितं हाळी देत जाऊ नको, मी आता ड्यूटीवर अस्तो. तरी त्या दिवशी पानी लई चढलं आन त्यानं हाळी दिली. मी ऐकली. दुसरी दिली. साहेब लोक पोर्चमधीच उभे व्हते. मी रजिस्टर लिहीत बसलो."

"आणि तिसरी?"

"तिसरी बी ऐकली."

बाहेर गोदामाचा ट्रक मागं घेत होते, त्याचा टिक टिक आवाज येत होता.

"मंग त्यो निघाला आसल मला शोधाया," कडूबा म्हणाला. "नाला वलांडून. मेंढरं सांजच्याला आपली आपन घरी आली. त्यो गावला नाय. खाली नदीपोतर हुडकलं." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "एक ओ द्यायची व्हती वो. एकच. तोंड उघडाया काय पैसं पडत व्हतं?"

 मी तांत्रिक माणूस. म्हटलं, कडूबा, मातीत काहीतरी परावर्तन होत असेल, जुन्या यंत्राचा दोष असेल, मी शोधून काढते. तो मान हलवत राहिला. माझं समाधान व्हावं म्हणून हलवत होता.

दुपारी त्याची आई बानाबाई भाकरी घेऊन आली. रोजच येते, करमाडहून चालत. त्यानं तिला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण ती थेट वर आली आणि चपला दाराबाहेर काढून त्या केशरी दिव्याकडं बघत उभी राहिली.

"ह्यो डबा त्येला ओ देतो का, बाई?"

"तसं नाही हो मावशी. आपला डबा विचारतो, पलीकडून उत्तर—"

"दोघं येकमेकाला देत्यात म्हना की."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला जागाच नव्हती.

"मंग चालू द्या. ज्याला ओ मिळती त्यो जागा सोडत नाय. ह्ये बंद करू नका." मग ती कडूबाकडं वळली. "आन तू ओ द्यायची नाय, सांगून ठिवते. दीड वरीस झालं. आता त्येला ओ दिली तर त्यो तुला तिकडंच बलवील. मला दोन्ही घालवायचे नायत."

कडूबा खाली बघत होता. तो आईला हो म्हणाला नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी वरद माझ्या डोक्याशी येऊन उभा. "मॅडम, ती तार वापरात नाहीये ना? मग बंद करून टाका. केशरी दिवा दिसला तर ऑडिटर पन्नास प्रश्न विचारतील."

मी 'नाही' म्हणू शकले असते. उद्यापर्यंत थांबा, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण रात्रभर त्या नंबरनं माझं डोकं खाल्लं होतं, आणि एका म्हातारीच्या सांगण्यावरून मी तीन नंबरचा पोर्ट चालू ठेवतेय, हे मला माझ्याच कॉलेजच्या मैत्रिणींना सांगता आलं नसतं. लाजच म्हणायची ती. कडूबाची आणि माझी एकाच जातीची.

मी पोर्ट अगदी बंद नाही केला. त्याचं बोलणं तेवढं बंद केलं आणि कान उघडे ठेवले. पलीकडचा मुका आहे, आपण गप्प बसलो की तोही गप्प बसेल, असा हिशेब. वरद खूश होऊन खाली गेला. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

तीस सेकंदांनी पलीकडून निरोप आला.

मी खुर्चीत सरळ झाले. त्यातली एक खूण बदलली होती. मुका आता बोलका झाला होता. न विचारता बोलत होता.

आणखी तीस सेकंदांनी दुसरा. कडूबा दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याला बोलावलं नव्हतं.

"बंद केलं का?"

"चालू करते. थांब, लगेच चालू करते."  आज्ञा दोनदा चुकीची टाइप झाली.

तिसरा निरोप आला.

मग मी बोलणं चालू केलं. आमचा डबा विचारू लागला. एकदा, दोनदा, तीनदा. पलीकडून काही नाही.

"निघाला की हाळी देत नाय," कडूबा म्हणाला.

मी तार उपसून यंत्राला लावली. यंत्र दर पंधरा सेकंदांनी आकडा दाखवतं.

तीनशे सत्तर.

तीनशे एकावन्न.

तीनशे तेहतीस.

डोकं नको तेव्हा चालतं. पंधरा सेकंदांत अठरा-एकोणीस मीटर. रमतगमत नाही आणि पळतही नाही, बऱ्यापैकी पाय उचलून चालणारा माणूस.

"कडूबा, खाली जाऊ नकोस. आईनं सांगितलंय ना तुला!"

"म्हनूनच जातो मॅडम," तो म्हणाला. "त्यो तिच्या दारात गेला तर? ती 'ओ' दिल्याबिगर ऱ्हायची नाय." जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज झाला.

स्विचच्या खोलीला एक खिडकी आहे, तिच्यातून गेट दिसतं. ऊन चांगलंच चढलं होतं. कडूबानं गेटचे दोन्ही दरवाजे उघडले. टोपी काढून कठड्यावर ठेवली. पोर्चमध्ये वरद आणि दोन ऑफिसची माणसं चहा घेत उभी होती. त्यांच्याकडं पाठ करून, दोन्ही हात तोंडाशी धरून त्यानं ओ दिली.

तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. लांबच्या लांब, शेवटी वर चढत जाणारा. पोर्चमधलं कुणीतरी हसलं आणि मग हसायचं थांबलं.

एकशे एक.

त्र्याऐंशी.

गेटखालून तार जाते ती जागा चौसष्ट मीटरवर आहे. मीच टाकलीय, मला माहीत आहे.

चौसष्ट.

चौसष्ट.

मी खिडकीतून पाहिलं. गेटमध्ये कडूबा एकटाच उभा होता. समोर मोकळा रस्ता, धूळ, ऊन.

चौसष्ट.

मग एकोणऐंशी. सत्त्याण्णव. एकशे पंधरा. आलं होतं ते परत निघालं होतं, त्याच चालीनं.

मी पुन्हा बाहेर पाहिलं, आणि तो तिथंच होता! जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मी मोठ्यानं रडले, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. खाली त्यानं गेट लावलं, कठड्यावरची टोपी उचलली, ती उलटसुलट करून बघितली आणि डोक्यावर ठेवली.

आकडा चारशे बारावर जाऊन थांबला. मी तार स्विचला लावली. तीस सेकंदांत उत्तर आलं. विचारलं तरच बोलणारं, पहिल्यासारखंच. केशरी दिव्यावर मी काळी चिकटपट्टी लावली आणि वरदला सांगितलं की काम झालं. खाली जाऊन कडूबाला विचारलं, काय झालं? तो पाणी पीत होता. "ओ मिळाली," एवढंच म्हणाला. 'दिली' म्हणायचं असेल, असं मी समजले.

ऑडिट झालं. महिना गेला. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा गेटच्या सावलीत बानाबाई शिदोरी सोडून बसली होती आणि तो शेजारी जेवत होता. युनिफॉर्म तोच, टोपी तीच.

"कडूबा, रजिस्टर दे रे."

त्यानं वर पाहिलं नाही.

"कडूबा!"

तो भाकरी मोडत होता. डाव्या हातानं.

"अरे कडूबा, ऐकू येत नाही का?"

बानाबाईनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, भीतीनंही नाही. तिनं पाण्याचा तांब्या उचलून त्याच्या डाव्या बाजूला ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "राहू द्या बाई. एक तरी घरी हाय."

रजिस्टर मीच उघडलं. महिनाभराची पानं वेगळ्याच अक्षरात होती, डावीकडं कललेली. मी माझं नाव लिहिलं, वेळ लिहिली. अकरा बेचाळीस.

वर जाऊन मी नोंदी उघडल्या. तीन नंबरवर महिनाभर दर तीस सेकंदांनी एक उत्तर, शिस्तीत, एकही चुकलेलं नाही. फक्त आज सकाळी तीन उत्तरं जास्तीची होती. आमच्या डब्यानं काही विचारलेलं नसताना आलेली, दोन-चार सेकंदांच्या अंतरानं, अकरा बेचाळीसला.

मी तीनच हाका मारल्या होत्या.